स्टार नसलेला रिपोर्ट

बत्तिसाव्या आठवड्यातला माझा ब्लड रिपोर्ट अजून जपून ठेवलाय, दोन पानांचा आहे आणि त्यावर कुठेही स्टार नाही. आपली रिपोर्ट वाचायची पद्धत ठरलेली असते ना, ज्या आकड्यापुढे स्टार तो बिघडलेला आणि बाकी सगळं ठीक. नवऱ्याने मोबाईलवर पीडीएफ उघडली, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाला, सगळं नॉर्मल आहे गं. आईला तर हिमोग्लोबिन बघून इतका आनंद झाला, कारण अठ्ठाविसाव्या आठवड्यात ते १०.८ होतं आणि आता एकदम १२.९, म्हणाली गोळ्या लागू पडल्या बघ. मीही खूश होते. त्यानंतर आठव्या दिवशी माझं सिझेरियन झालं, मुलगी १ किलो ३८० ग्रॅमची, सरळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत.

हे लिहायला मला बराच वेळ लागला. पण मध्यंतरी एका मैत्रिणीच्या बहिणीला सातव्या महिन्यात पायांना सूज आली आणि तिनेही मला रिपोर्ट पाठवून विचारलं की स्टार नाहीये म्हणजे काळजी नाही ना, तेव्हा ठरवलं की आता लिहायचंच, मला जे कळलं ते सगळं.

तर मला झालेला आजार म्हणजे प्री-एक्लॅम्पसिया. गरोदरपणाचे २० आठवडे झाल्यानंतर, आधी बीपी नसलेल्या बाईचं बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर जातं, किमान चार तासांच्या अंतराने दोनदा तसं येतं, आणि सोबत लघवीतून प्रोटीन जायला लागतं किंवा किडनी, लिव्हर, प्लेटलेट्स, मेंदू यांपैकी कशावर तरी परिणाम दिसतो. पूर्वी प्रोटीन असल्याशिवाय हे नावच देत नसत, आता देतात, कारण काही जणींना प्रोटीन न जाताही तब्येत खूप बिघडते. १०० गरोदर बायकांमध्ये साधारण २ ते ८ जणींना हे होतं, म्हणजे दुर्मिळ अजिबात नाही. आणि १६०/११० झालं की मग वाट बघायची नसते, ती इमर्जन्सी.

आता त्या रिपोर्टकडे परत येते. माझ्या डॉक्टर मॅडमनी काय केलं तर माझी फाईल मागितली आणि बाराव्या, अठ्ठाविसाव्या आणि बत्तिसाव्या आठवड्याचे तिन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. मग पेन्सिलीने तीन ओळींना गोल केले. प्लेटलेट्स आधी २ लाख ६१ हजार, मग २ लाख ३२ हजार, आता १ लाख ६४ हजार. लॅबची खालची मर्यादा १ लाख ५० हजार, म्हणून स्टार नाही. पण माझ्या स्वतःच्या आधीच्या आकड्यातल्या जवळजवळ एक लाख गायब झाल्या होत्या ना. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते तो कचरा, बाराव्या आठवड्यात ०.५ होतं आणि आता ०.९. लॅबची रेंज ०.६ ते १.१. गंमत नाही सांगत, बाराव्या आठवड्याच्या ०.५ ला स्टार होता, कमी म्हणून, आणि ०.९ ला नव्हता. प्रत्यक्षात उलटं आहे. गरोदरपणात किडनीतून रक्त खूप जास्त गाळलं जातं त्यामुळे क्रिएटिनिन खाली येतं, साधारण ०.४ ते ०.८ मध्ये राहतं, म्हणजे माझं ०.५ अगदी छान होतं आणि ०.९ ही किडनीवर ताण यायला लागल्याची खूण होती. ती छापलेली रेंज गरोदर नसलेल्या बाईसाठीची असते, लॅबच्या कॉम्प्युटरला कुठे माहीत की सुई टोचून घेणाऱ्या बाईच्या पोटात बत्तीस आठवड्यांचं बाळ आहे.

आणि तिसरा गोल हिमोग्लोबिनला. ज्याच्यावर आई खूश होती त्यालाच. मॅडम म्हणाल्या, "चार आठवड्यांत दोनने वाढलं ते गोळ्यांनीच असेल असं धरून चालू नका, रक्तातलं पाणी कमी झालं तरी ते वाढल्यासारखं दिसतं." प्री-एक्लॅम्पसियात रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर पाझरायला लागतं, रक्तातला पातळ भाग बाहेर टिश्यूत झिरपतो, तीच ती सूज, आणि वाहिन्यांमध्ये उरलेलं रक्त घट्ट होतं. तांबड्या पेशी तेवढ्याच पण पाणी कमी, म्हणून आकडा वर. मी पायांची सूज आणि हिमोग्लोबिन या दोन वेगळ्या गोष्टी समजत होते, एक वाईट आणि एक चांगली, आणि त्या एकाच गोष्टीच्या दोन बाजू निघाल्या.

त्या दिवशी बीपी १३८/८८ होतं, म्हणजे तेही रेषेच्या आतच. पण मॅडमनी मला नेहमीसारखं दोन आठवड्यांनी नाही, दोन दिवसांनी बोलावलं. दोन दिवसांनी १५२/९८, लघवीत प्रोटीन दोन प्लस, आणि मी ॲडमिट.

इथे मला एक बोलायचं आहे. त्या मधल्या दोन दिवसांत माझं डोकं दुखत होतं म्हणून मी दुसऱ्या एका ठिकाणी फोन करून रिपोर्ट पाठवला होता, तिकडून उत्तर आलं, रिपोर्ट नॉर्मल आहे, आराम करा, टेन्शन घेऊ नका. मला त्यांच्यावर राग काढायचा नाहीये, त्यांच्यासमोर एकच रिपोर्ट होता, तीन नव्हते. पण म्हणूनच सांगते, जुने रिपोर्ट टाकू नका, आणि कुणालाही रिपोर्ट दाखवताना एकटा दाखवू नका, आधीचे सोबत द्या. आणि डोकं दुखत असेल, डोळ्यांसमोर काजवे चमकत असतील, उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खाली मधोमध दुखत असेल, चेहरा अचानक सुजला असेल तर फोनवर नको, प्रत्यक्ष जाऊन बीपी मोजून घ्या, मग रात्र असली तरी.

ॲडमिट झाल्यावर एक नवीनच टेस्ट ऐकली, एसएफएलटी-१ आणि पीएलजीएफ या रक्तातल्या दोन प्रोटीन्सचं गुणोत्तर. सगळीकडे ही मिळत नाही, माझ्या नशिबाने मिळाली. हे काय प्रकरण आहे ते मी नंतर खूप वाचलं, कारण मला सतत वाटत होतं की मी काय चुकीचं केलं.

मुळात हा वारेचा, म्हणजे प्लासेंटाचा आजार आहे. गर्भ रुजतो तेव्हा वारेच्या पेशी गर्भाशयाच्या बारीक वळणावळणाच्या रक्तवाहिन्यांमध्ये शिरतात आणि त्यांचं रूप बदलतात, अरुंद आणि आखडणाऱ्या नळ्यांच्या रुंद सैल नळ्या करतात म्हणजे बाळाला भरपूर रक्त मिळेल. काही जणींत हे काम अर्धवट राहतं, विशेषतः ज्यांना ३४ आठवड्यांच्या आधी हा आजार होतो त्यांच्यात. मग वारेला रक्त कमी पडतं आणि ती आईच्या रक्तात काही प्रोटीन्स सोडायला लागते, त्यातलं मुख्य एसएफएलटी-१. ते काय करतं, तर आईच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर निरोगी ठेवणारी जी प्रोटीन्स असतात, व्हीईजीएफ आणि पीएलजीएफ, त्यांना रक्तातच पकडून ठेवतं. अस्तरापर्यंत ती पोचतच नाहीत. अस्तर आजारी पडतं, वाहिन्या आखडतात, बीपी चढतं, किडनीच्या गाळण्या गळायला लागतात, लिव्हर सुजतं. २००३ मध्ये बोस्टनला अनंत करुमांची यांच्या टीमने हे दाखवलं, गाभण उंदरांच्या शरीरात एसएफएलटी-१ वाढवलं तर त्यांना बीपी आलं, लघवीतून प्रोटीन गेलं आणि किडनीत अगदी तसेच बदल दिसले जसे या आजारातल्या बायकांच्या किडनीत दिसतात. पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, हे दिसलं की आजाराची लक्षणं येण्याच्या सुमारे पाच आठवडे आधीपासून आईच्या रक्तात हे वाढायला लागलेलं असतं.

पाच आठवडे. म्हणजे मी सत्तावीस-अठ्ठाविसाव्या आठवड्यात मजेत फिरत होते तेव्हाच माझ्या रक्तात हे चालू झालेलं असणार. आणि वारेचं ते रुजण्याचं काम तर पहिल्या काही महिन्यांतलं. तू टेन्शन घेतलंस म्हणून झालं, तू ऑफिसला जात राहिलीस म्हणून झालं, हे मला जवळच्या माणसांनी प्रेमानेच ऐकवलं, आणि मी ते मनावर घेऊन एनआयसीयूच्या बाहेर बसून रडले आहे. ज्या कुणाला हे ऐकून घ्यावं लागतंय तिने हा परिच्छेद त्या माणसांना वाचून दाखवा. वार कशी रुजते यावर कुणाच्याही मनाचा आणि ऑफिसचा ताबा नसतो.

त्या टेस्टचा अर्थ कसा लावतात तेही सांगते कारण त्यात लोकांची गल्लत होते. २०१६ मध्ये एक मोठा अभ्यास आला, संशय असलेल्या बायकांमध्ये हे गुणोत्तर ३८ किंवा त्याच्या खाली असेल तर पुढच्या एका आठवड्यात प्री-एक्लॅम्पसिया न होण्याची खात्री ९९ टक्क्यांच्या वर. म्हणजे ही टेस्ट जास्त उपयोगी आहे ती "सध्या नाही" हे सांगायला, घरी पाठवायला, उगाच ॲडमिट न करायला. पण ३८ च्या वर आलं म्हणजे झालंच असं नाही, त्याच अभ्यासात ३८ च्या वर असलेल्यांपैकी पुढच्या चार आठवड्यांत साधारण ३७ टक्के जणींनाच झालं. आकडा जितका वर तितकी काळजी जास्त. माझं १४६ होतं. मॅडम एवढंच म्हणाल्या की आता आपल्याकडे दिवस आहेत, आठवडे नाहीत.

त्या दिवसांत काय काय झालं ते भराभर सांगते. बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची दोन इंजेक्शनं, २४ तासांच्या अंतराने. बीपीच्या गोळ्या. रोज रक्त. एका सकाळी एलडीएच, म्हणजे तांबड्या पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम, खूप वाढलेलं आलं आणि सगळे गंभीर झाले, कारण एलडीएच वाढणं, लिव्हरची एन्झाइम्स वाढणं आणि प्लेटलेट्स उतरणं हे तिन्ही एकत्र आलं तर त्याला हेल्प सिंड्रोम म्हणतात आणि ते फार धोक्याचं. पण लॅबमधल्या ताईंनी स्वतःहून वॉर्डमध्ये फोन केला की सॅम्पल काढतानाच तांबड्या पेशी फुटल्यात, वरचं पाणी गुलाबी दिसतंय, परत काढून पाठवा. परत काढलं तर कितीतरी कमी. त्या ताईंना मी कधी भेटले नाही. आणि याच्या उलट, अल्कलाइन फॉस्फटेज नावाच्या एन्झाइमसमोर मोठा स्टार होता, तो बघून मी नवऱ्याला रात्री अकराला फोन केला, तर सिस्टर म्हणाल्या अहो तो वारेतून येतो, शेवटच्या महिन्यांत सगळ्यांचाच वाढतो. म्हणजे बघा, स्टार आहे तिथे काही नाही आणि स्टार नाही तिथे सगळं.

मग प्लेटलेट्स १ लाख ३१ हजार, १ लाख १२ हजार, ९४ हजार. एसजीओटी, म्हणजे लिव्हरचं एन्झाइम, ४१ वरून ८८ वर आणि दुसऱ्या दिवशी १३०. बरगडीखाली असं दुखायला लागलं की मला वाटलं ॲसिडिटी आहे, मी गोळी मागितली, तर सिस्टरनी गोळी न देता डॉक्टरांना बोलावलं. मॅग्नेशियम सल्फेट सुरू केलं, झटके येऊ नयेत म्हणून. ते शिरेतून जाताना अंगातून गरम लाट जाते, आधी कुणी सांगितलं असतं तर मी एवढी घाबरले नसते म्हणून तुम्हाला सांगते. २००२ मध्ये दहा हजारांहून जास्त बायकांवर झालेल्या अभ्यासात दिसलं होतं की यामुळे झटके येण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी होतं, आणि औषध अगदी साधं, जुनं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी पाठीत सुई द्यायच्या आधी सकाळचा प्लेटलेट रिपोर्ट स्वतः बघितला, ९४ हजार, म्हणाले चालेल, आणखी खूप खाली गेल्या असत्या तर पूर्ण भूल द्यावी लागली असती.

मुलगी रडली. बारीक आवाजात, पण रडली.

आणि मग तिचे रिपोर्ट सुरू झाले. याबद्दल कुणीच बोलत नाही म्हणून मला हे जास्त लिहायचंय. आपण समजतो की आजार आईच्या रक्तात आहे, बाळाचं फक्त वजन कमी आणि दिवस अपुरे. पण बाळाच्या रक्तातही वारेची सगळी कहाणी लिहिलेली असते. पोटात असताना ऑक्सिजन कमी मिळत होता म्हणून तिच्या शरीराने तांबड्या पेशी जास्त बनवायचा सपाटा लावलेला, आणि त्या नादात बाकीच्या पेशी मागे पडल्या. पहिल्या दिवशीचा तिचा रिपोर्ट असा होता की हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का, ६८, प्लेटलेट्स ९८ हजार, आणि संसर्गाशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी कमी. तिन्ही एकदम. मी तो कागद हातात धरून उभी होते आणि मला वाटलं की माझं सगळं तिला लागलं.

तिथल्या डॉक्टरांनी मला बसवून एकेक समजावलं. हिमॅटोक्रिट ६५ च्या वर म्हणजे रक्त घट्ट, पण टाचेतून काढलेल्या रक्तात ते खऱ्याहून जास्तच दिसतं, म्हणून शिरेतून परत काढायचं. काढलं, ६३ आलं. पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा मशीनने चांगला दिला होता पण तो खरा नव्हता, कारण अशा बाळांच्या रक्तात अर्धवट तयार झालेल्या, केंद्रक असलेल्या तांबड्या पेशी भरपूर फिरत असतात आणि काही मशीन्स त्यांनाच पांढऱ्या समजून मोजतात. म्हणून काचेच्या पट्टीवर रक्त पसरवून मायक्रोस्कोपखाली माणसाने मोजायचं आणि आकडा दुरुस्त करायचा. तो केल्यावर न्यूट्रोफिल आणखीच कमी निघाल्या. न्यूट्रोफिल कमी म्हणजे संसर्ग तर नाही ना ही शंका, म्हणून कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ते बघायची टेस्ट, पाठवलं आणि ते येईपर्यंत ॲन्टिबायोटिक. कल्चर स्वच्छ आलं, आणि तिसऱ्या दिवशी त्या पेशी आपोआप वर आल्या, बीपी असलेल्या आयांच्या बाळांमध्ये बऱ्याचदा असंच होतं म्हणे, काही दिवसांत सावरतं. साखर पहिल्यांदा ३६ होती, कमी वजनाच्या बाळांकडे साठाच नसतो, म्हणून सलाईनमधून साखर आणि दर काही तासांनी टाचेला टोचणं. शिवाय मला दिलेलं मॅग्नेशियम तिच्यातही उतरलेलं, त्यामुळे पहिला दीड दिवस ती ढिली ढिली होती, हात उचलला की पडायचा.

टाचेला टोचताना मी एकदा आत होते. सिस्टरनी आधी तिची टाच कोमट कापडात गुंडाळून ठेवली, मग टोचलं, पहिला थेंब पुसून टाकला आणि दुसऱ्या थेंबाला केसाएवढी काचनळी टेकवली, रक्त आपोआप वर चढलं. दाबत का नाही विचारलं तर म्हणाल्या दाबलं की आकडे चुकतात आणि बाळाला दुखतं. टाच माझ्या अंगठ्याच्या पेरापेक्षा लहान. एवढ्याशा बाळाच्या शरीरात रक्त असतं किती, किलोला ८० ते १०० मिली, म्हणजे माझ्या मुलीत सगळं मिळून साधारण १२०-१३० मिली. म्हणून तिथे प्रत्येक टेस्टचं रक्त मोजून घ्यायचे, चार्टवर लिहायचे, ०.३ मिली, ०.५ मिली.

प्लेटलेट्स तिसऱ्या दिवशी ८१ हजारांपर्यंत उतरल्या. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की या कारणाने कमी झालेल्या प्लेटलेट्स दोन ते चार दिवसांत सगळ्यात खाली जातात आणि मग दहाएक दिवसांत वर येतात, बहुतेकांना बाहेरून द्याव्या लागत नाहीत, फक्त रक्तस्राव होतोय का यावर लक्ष. ते आधी सांगितलं नसतं तर ८१ बघून माझं काय झालं असतं माहीत नाही. पाचव्या दिवशी ९६, आठव्या दिवशी १ लाख ६२ हजार.

त्या पाचव्या दिवशीच माझं स्वतःचं बीपी १५८/१०२ झालं. मी दूध काढत बसले होते, डोकं परत तसंच ठणकायला लागलं. मला खरंच वाटत होतं की वार निघाली म्हणजे संपलं, उपाय तोच आहे असं सगळीकडे लिहिलेलं असतं. उपाय तोच आहे पण लगेच नाही, डिलिव्हरीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात बीपी सगळ्यात वर जातं, आणि काही जणींना तर प्री-एक्लॅम्पसिया डिलिव्हरीनंतरच होतो, सहा आठवड्यांपर्यंत कधीही. नेमकं तेव्हाच घरी पाठवलेलं असतं आणि सगळ्यांचं लक्ष बाळाकडे. बीपीचं मशीन घरी असू द्या, निदान तेवढे दिवस तरी. माझ्या गोळ्या सात आठवडे चालल्या.

दुसऱ्यांदा दिवस राहिले तर काय असं बऱ्याच जणी विचारतात. एकदा झालेल्यांना परत होण्याची शक्यता जास्त असते, पण आता हातात काहीतरी आहे. ११ ते १३ आठवड्यांत बीपी, गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांचं डॉप्लर (रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी) आणि रक्तातलं पीएलजीएफ हे सगळं मिळून धोका काढता येतो आणि धोका जास्त असेल तर रोज रात्री कमी डोसचं ॲस्पिरिन देतात. २०१७ च्या अभ्यासात १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये ३७ आठवड्यांच्या आधी होणारा प्री-एक्लॅम्पसिया ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. पण हे १६ आठवड्यांच्या आत सुरू झालं तर उपयोग, म्हणजे टेस्ट पॉझिटिव्ह आल्या आल्या डॉक्टरांना मागचं सगळं सांगायचं. स्वतःच्या मनाने मात्र एकही गोळी नको.

मुलगी २६ व्या दिवशी घरी आली, १ किलो ८५० ग्रॅमची. तिची फाईल वेगळी केली नाही मी, माझ्याच फाईलमध्ये माझ्या रिपोर्टच्या मागे तिचे लावलेत तारखेप्रमाणे, कारण पुढेमागे कुणी वाचलं तर ते एकत्रच वाचायला हवेत. माझं क्रिएटिनिन तीन महिन्यांनी ०.७ आलं, लघवीतून प्रोटीन जायचं थांबलं. हा आजार झालेल्या बायकांना पुढे कायमचं बीपी लागण्याचा धोका जवळजवळ चौपट आणि हार्टचा दुप्पट असतो हे मला डिस्चार्जच्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं, सहा आठवड्यांच्या तपासणीला मॅडमनी सांगितलं. तेव्हापासून दर वर्षी मुलीच्या वाढदिवसाच्या आठवड्यात बीपी, क्रिएटिनिन, साखर आणि लघवी तपासून घेते. यंदाचं बीपी १२४/८०, आणि क्रिएटिनिन परत ०.७. स्टार नाही, आणि मागच्या रिपोर्टशी लावून बघितलं तरी ठीक आहे.